कासवाच्या गल्लीत गोगलगाय

त्याच्या गळ्यात कासवाचा रुमाल होता — पिवळा-निळा, रेशमी — आणि स्वारी आमच्या गल्लीतून, भर शर्यतीच्या दिवशी सकाळी, शिट्टी वाजवत चालली होती!

मी पाव घेऊन येत होते. आधी वाटलं, उन्हाने डोळे फसले. मग वाटलं, हा वेडा असणार. समोर आमच्या पेठेच्या क्लबच्या दारात माझे चुलतभाऊ खुर्च्या मांडत होते. पाठमोरे होते म्हणून बरं, नाहीतर... मी धावले, त्याची बाही धरली आणि त्याला ओढत शेजारच्या जिन्याखाली नेलं.

"अगं — काय करतेस!"

"गप्प! आधी तो रुमाल काढ."

"का पण?"

"काढ म्हणते ना!"

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्या सिएनात सतरा पेठा. माझी पेठ गोगलगाईची, पलीकडची कासवाची, आणि दोघींमधून विस्तव जात नाही. भांडण कशावरून, तर घोड्यांच्या शर्यतीवरून. गोगलगाय आणि कासव! हसून घ्या, बाहेरचे सगळेच हसतात. आम्ही नाही हसत. आम्ही हरलो तर रडतो, पण ते जिंकले तर वर्षभर तोंड दाखवायची सोय उरत नाही.

"दुकानातून घेतलास ना हा? पर्यटक आहेस?"

"आईचा आहे," तो रुमालाची घडी घालत म्हणाला. किती जपून घालत होता! "ती इथली, कासवाच्या पेठेतली. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्रिएस्तला आली. दरवर्षी म्हणते, यंदा जाणार. यंदा खरंच तिकीट काढलं, तर पाय मोडून बसली. मग मला धाडलं — माझ्या वतीने बघून ये म्हणाली."

"आणि रस्ता नाही सांगितला?"

"सांगितला की! चांभाराच्या दुकानापाशी डावीकडे वळ, म्हणाली. पण चांभारच सापडेना."

"तो चांभार मी जन्मायच्या आधीच गेला!"

मला हसू फुटलं. फुटायला नको होतं, कारण तोही हसला, आणि हसताना त्याचे डोळे असे काही बारीक झाले की... जाऊ दे. लॉरिस नाव त्याचं. जहाजावर इंजिनखोलीत नोकरी.

"किती दिवस आहेस?" मी आपलं सहज विचारलं.

"दिवस कसले! रात्री नऊची बस. परवा जहाजावर चढायचं, मग पुढचे आठ महिने पाणीच पाणी. एका दिवसात तुमचं अख्खं गाव बघायचंय. जमेल?"

"न जमायला काय झालं? रुमाल खिशात टाक आणि माझ्या मागून चाल. ओळख दाखवू नकोस."

"मागून का?"

"कासव आहेस ना? पुढे कधी धावलायत तुम्ही?"

"संध्याकाळी बघू," तो म्हणाला. आगाऊ कुठला!

आणि काय फिरलो आम्ही! गावभर ढोल घुमत होते, प्रत्येक कोपऱ्यावर कुणी ना कुणी निशाण हवेत फेकून झेलत होतं, आणि मी ओळखीचं माणूस दिसलं की पुढे पळायची, गल्ली रिकामी झाली की थांबायची. थांबले की तो अगदी शेजारी येऊन उभा राहायचा. एकदा तर मी पळालेच नाही. शेजारच्या मारियाच्या आईने बघितलं, बघू दे म्हटलं!

बेकरीतून मी चाच्चिनो घेतला, आमच्याकडचा चपटा भरला पाव, गरम गरम, आतून चीज ओघळत होतं. आम्ही एका पायरीवर बसून तो अर्धा अर्धा खात होतो, एवढ्यात त्याचा फोन वाजला. कानाला लावायची गरजच नव्हती, बाईंचा आवाज त्रिएस्तहून तसाही आला असता.

"पोचलास का रे? आपल्या देवळात मेणबत्ती लावलीस? आणि हे बघ, त्या गोगलगाईवाल्यांपासून लांब राहा. त्यांच्या हातचं काही खाऊ नकोस!"

लॉरिसच्या तोंडात मी दिलेला घास होता. "न्... नाही आई."

"काय खातोयस?"

"हवा, आई."

फोन बंद झाल्यावर मी पोट धरून हसले. मग त्याला आमच्या दीना आत्याची गोष्ट सांगितली. तिचा नवरा कासवाचा. शर्यतीचे दिवस आले की आत्या त्याची बॅग भरून दारात ठेवते — जा तुझ्या माहेरी! शर्यत झाली की परत घरात घेते.

"आणि कासव जिंकलं तर?"

"एकदा जिंकलं होतं. तेव्हा जरा उशिरा घेतलं."

"किती उशिरा?"

"नाताळला."

"बाई कडक दिसते."

"आमच्या घरात सगळ्याच तशा."

"ते कळलं मला," सकाळी माझ्या हातात चुरगळलेली बाही सरळ करत तो म्हणाला. त्याच्या बघण्यात इतका गोडवा होता की मी उगाच पिशवीतला पाव मोजायला लागले. एकच होता.

सरळ सांगते, मला तो आवडला होता. दुपारचे बारा वाजले नव्हते आणि मला तो आवडला होता. रात्री नऊला हा जाणार, आणि मी हे कुणाला सांगू? कासवाच्या बाईचा पोरगा आवडला म्हणून बाबांना सांगितलं तर ते जेवणच सोडतील. आणि त्याची आई? तिला तर माझ्या हातचा घास चालत नव्हता, मी कुठली चालायला!

दुपारी आमच्या देवळात घोड्याला आशीर्वाद द्यायचे असतात. मी म्हटलं, "तू बाहेर थांब."

"एका दिवसासाठी आलोय आणि बाहेर थांबू? मी येणार."

"शत्रूच्या देवळात? आईला कळलं तर?"

"तू सांगणारेस?"

आत पाय ठेवायला जागा नव्हती. मेणाचा आणि घामाचा वास, आणि सगळे गप्प, कारण आवाज झाला की घोडा बिथरतो. टापा वाजवत घोडा वेदीपर्यंत आला. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं आणि घोड्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "जा, आणि जिंकून ये!" तेवढ्यात घोड्याने शेपटी उचलली आणि... भर देवळात लीद टाकली! याच्यासारखा शुभशकुन नाही हो! म्हाताऱ्या रडायला लागल्या, जो तो शेजारच्याला मिठी मारत सुटला. मीही मारली. माझ्या शेजारी तो होता.

जरा जास्तच वेळ झाला असावा.

"लीद टाकली की... तुमच्याकडे असं करतात?" तो कानाशी म्हणाला.

"फक्त शर्यतीच्या दिवशी."

"मग मी दरवर्षी येतो."

मला बोलायचं होतं... पण तोवर बाबांनी हाक मारली, "फियाम्मा, चल, चौकात जागा मिळायची नाही!"

चौकाच्या कडेने, घोड्यांच्या वाटेवर, पिवळी माती पसरलेली, वर मनोऱ्याभोवती पाकोळ्यांचा कलकलाट, आणि मधोमध आम्ही सगळे दाटीवाटीने उभे. बाबा पुढे होते. लॉरिस माझ्या मागे, इतका जवळ की त्याचा श्वास मानेवर लागत होता. बार उडाला. घोडे सुटले!

पहिल्या फेरीला आमचा पुढे! मी किंचाळले. दुसऱ्या फेरीला वळणावर आमचा स्वार घसरला, लटकला, पडला. आणि तिसऱ्या फेरीला... पिवळा-निळा. कासव. कासव सगळ्यांच्या पुढे. मी लॉरिसच्या दंडात नखं रुतवली, त्याने हूं की चूं केलं नाही.

ते जिंकले. बाबा मटकन खालीच बसले. चुलतभाऊ हमसून रडत होते. मीही रडत होते, आणि लॉरिसच्या खिशात फोन वाजत होता, वाजतच होता.

"उचल ना!"

"नको. तू रडतेयस."

"तुझी आई तीस वर्षं या फोनसाठी थांबलीय. उचल, गाढवा!"

त्याने उचलला. पलीकडून बाईंचा हुंदकाच ऐकू आला, शब्द नाहीतच. लॉरिसचे डोळे भरले.

"रुमाल बांध आणि जा तिकडे. तिच्या वतीने नाच जा."

"आणि तू?"

"मी रडणार आहे. ते बघायला कासवाचं माणूस मला नकोय."

मी तोंड फिरवलं. पुन्हा वळले तेव्हा निळ्या-पिवळ्या गर्दीने त्याला उचलून नेलं होतं. तो मान मागे वळवून मला शोधत होता, एवढंच दिसलं.

घरी आलो, खिडक्या लावून घेतल्या. तरी भिंतीपलीकडून त्यांची घंटा ऐकू येतच होती. दिवेलागण झाली. आई बटाटे सोलत होती, बाबा भिंतीकडे बघत होते. मी काय बोलले होते त्याच्याशी? दिवसभर चेष्टा केली, आणि खरी गोष्ट? एक अक्षर नाही. नंबरसुद्धा दिला नाही! आता नऊला बस, मग जहाज, मग पाणीच पाणी...

मी उठले.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

"कासवाच्या गल्लीत."

आईच्या हातातला बटाटा पडला. बाबा उभेच राहिले. "आज? अगं, गळ्यातला रुमाल तरी काढ पोरी!"

"नाही काढणार. मी कोण हे लपवून कशाला जाऊ?"

धावत गेले. त्या गल्लीत शिरले तेव्हा माझ्या छातीत जे ढोल वाजत होते ते त्यांच्या ढोलांपेक्षा मोठे होते. माझ्या गळ्यातला लाल-पिवळा रुमाल बघितला आणि गाणं थांबलं. मग ढोल थांबला. अख्खी गल्ली माझ्याकडे बघायला लागली.

"बघा रे, गोगलगाय आली!" एका निशाणवाल्याने ओरडून म्हटलं. "काय ग, अभिनंदन करायला?"

"अभिनंदन केलं तर जीभ झडेल माझी," मी म्हटलं. "मी ह्याला न्यायला आलेय."

लॉरिस कुणाच्या तरी खांद्यावर होता. हातातला फोन उंच धरलेला, पडद्यावर आईचा चेहरा, तिला सगळी मिरवणूक दाखवत होता. मला बघून तो इतक्या घाईने खाली उतरला की ज्याच्या खांद्यावर होता तो बिचारा धडपडला.

"कोण आहे रे ती?" फोनमधून आवाज आला. "माझ्या पोराला ती गोगलगाय कुठे नेतेय?"

"बसपर्यंत, सिन्योरा," मी म्हटलं. "नऊची बस आहे त्याची. आणि ह्याला या गावात रस्ता सापडत नाही."

गल्लीत हशा पिकला.

"बसपर्यंतच ना?" बाईंनी विचारलं.

हशा थांबला. लॉरिस माझ्याकडे बघत होता. अगदी सकाळी जिन्याखाली बघत होता तसा नाही, हसत नव्हता. घाबरलेला होता. माझ्यासारखाच.

"नाही, सिन्योरा," मी म्हटलं. "फक्त बसपर्यंत नाही."

पडद्यावर बाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे, माझ्या रुमालाकडे. त्या नको म्हणाल्या असत्या तर मी तिथेच रस्त्यावर बसले असते, खरंच सांगते.

"आई," लॉरिस म्हणाला, "मलाही फक्त बसपर्यंत नकोय."

बाईंनी नाक ओढलं.

"लॉरिस," त्या म्हणाल्या, "त्या गल्लीला पुढे उतार आहे. दगड गुळगुळीत आहेत. हात धर तिचा."

त्याने धरला, आणि आम्ही पळत सुटलो.