सहावी फळी

उद्यापासून धक्क्यावरच्या होडीचं काम तुमच्याकडे, म्हणून किल्ली द्यायला बोलावलं. मेण, ब्रश, फडकी सगळं या पिशवीत आहे. चहा उकळेपर्यंत एक गोष्ट सांगते. हसलात तरी चालेल, एके काळी मीही हसले असते. पुतळे पुसणाऱ्या बाईने भुतांवर विश्वास ठेवला, तर तिची चूल पेटायची कशी?

होडी तुम्ही पाहिलीच आहे. युद्धात बुडालेल्या मालवाहू जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक. सैनिक नव्हते बिचारे, कोळसा आणि धान्य वाहणारी माणसं. उंच दगडी चौथऱ्यावर ब्राँझची होडी, तीत वल्ही मारणारे पाच जण, आणि शेवटची सहावी फळी रिकामी. तिच्यापाशी वल्हं मात्र आहे. लोकांना वाटतं, ती जागा सगळ्याच बुडालेल्यांसाठी मोकळी ठेवली आहे. तसं नाही. ती होडी खरी होती, तीत सहा जण होते आणि सहावा जिवंत परत आला. जिवंत माणसाचा पुतळा कसा बसवणार? तो सहावा म्हणजे माझे बाबा.

बाबा जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायचे. जहाज बुडालं, ते अकरा दिवस होडीत होते, बाकीचे पाच गेले. एवढंच आम्हाला माहीत. धक्का आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर, पण त्यांनी स्मारकाचं तोंड कधी पाहिलं नाही. मला हे काम मिळालं तेव्हा म्हणाले, "सगळ्या गावात तुला पुसायला दुसरा पुतळा नाही मिळाला?"

तासाभराहून जास्त सलग झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. तास झाला की दचकून उठायचे आणि पलंगाच्या कडेला बसून राहायचे. आईने आम्हाला लहानपणापासून बजावलं होतं, बाबांना हात लावून उठवायचं नाही, दारातूनच हाक मारायची. का, ते तिलाही ठाऊक नसावं. आई गेल्यावरही मी तो नियम पाळला.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. बाबा चौऱ्याऐंशीचे झाले होते, अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "औषधं पुरे झाली, यांना झोप हवी." मला दुसरं काही नको होतं हो. मरण्याआधी त्यांना एकदा गाढ झोप लागावी, एवढंच.

त्या दिवशी सकाळी सातला मी कामावर गेले. धुकं असं होतं की दहा पावलांवरचा कठडा दिसेना. मेण पातळ लावायचं, वाळू द्यायचं, मग घासायचं. पाचव्या माणसाच्या कोपराखाली शिडीवरून हात पोचत नाही. दरवर्षी मी बाहेरूनच वाकडी होऊन ते करायची आणि आठवडाभर कंबर धरून चालायची. त्या दिवशी कंबर आधीच धरली होती. म्हणून आत उतरले आणि सहाव्या फळीवर बसले.

उजव्या खांद्यावर कुणीतरी दोनदा थोपटलं.

"हं, झालंच," मी म्हटलं. वाटलं, धक्क्यावरचा पहारेकरी असेल. वळून पाहिलं तर मागे नुसतं धुकं. मेणाचा वास गेला होता. ओल्या लोकरीचा वास येत होता, आणि रॉकेलचा. माझे दोन्ही हात वल्ह्याच्या मुठीवर होते. मी ते तिथे ठेवल्याचं मला आठवत नाही.

मग फळीखाली पाणी वाजायला लागलं. ऐन भरतीतही तिथे पाणी पोचत नाही, चौथरा दोन पुरुष उंच आहे. पण ते अगदी माझ्या पायाखाली वाजत होतं... आणि पुढे श्वास. एका तालात, दमलेले. पाचव्याचं डोकं माझ्याकडे वळलेलं नव्हतं, पण आवाज तिथूनच आला.

"झोपू दे... झोपू दे त्याला..."

त्यानंतरचं काही आठवत नाही. बंदराचा दहाचा भोंगा झाला तेव्हा धुकं विरळ झालं होतं. खाली पहारेकरी ओरडत होता, "ताई, तासभर हाका मारतोय! कान कुठे ठेवून आलात?" मी हात सोडवले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, दोन फुटलेही होते.

घरी धावत आले. बाबा झोपले होते. इतके गाढ, की छाती हलताना दिसेना. मी दारातून हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तर किंचाळलेच. काही नाही. कसला नियम नि कसलं काय, पलंगापाशी गेले. मला त्यांना गदागदा हलवायचं होतं. पण हाताने ते केलं नाही. हाताने आपसूक त्यांच्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

त्यांनी डोळे उघडले. "आलो," म्हणाले. आवाज खणखणीत, तरण्या माणसाचा. मग मला ओळखलं. मग माझे हात पाहिले.

"कुठे बसली होतीस?"

"बाबा, आधी पाणी..."

"सहाव्या फळीवर?"

मी मान डोलावली.

"एकेकाने एकेक तास वल्हवायचं, असं ठरलं होतं," ते हळूहळू बोलू लागले. "तास झाला की पुढच्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं. नवव्या पहाटे मला उठवलं. मी जागा होतो गं... डोळे मिटून पडून राहिलो. पाचवा म्हणाला, झोपू दे त्याला. माझी पाळीही त्यानेच वल्हवली. उजाडलं तेव्हा तो वल्ह्यावर पालथा पडला होता. बोटं सुटत नव्हती त्याची. बाकीचेही मग एकेक करून..."

"ती पाळी आज मी वल्हवली ना?" मी म्हटलं. "झालं, फिटलं. झोपा आता."

बाबा हसले. इतकं मायेनं ते माझ्याकडे बघून कधी हसले नव्हते.

"अगं, पण तू उठवलंस ना मला."

मग त्यांनी स्वेटर मागितला. गळ्यापर्यंत बटणं लावली. "गार असतं तिथे," म्हणाले. मला रडूही येत होतं आणि रागही. "कुठेही जायचं नाही," म्हटलं, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि त्यांचा हात घट्ट धरून बसले. पण दमले होते हो मी. डोळा लागला.

चारच्या भोंग्याने जाग आली. बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, पुढे झुकलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या. गेले होते. डॉक्टरांनी बोटं सोडवली आणि माझ्याकडे बघितलं. "यांनी आज काही काम केलं का?" दोन्ही तळहात फोडांनी भरले होते. ज्यांना झोप मिळावी म्हणून तळमळत होते, त्यांना मीच उठवलं. हे मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर दरवर्षी एकच पाहत आले. पाच जणांच्या हातांवर मेण जसंच्या तसं, आणि सहाव्या वल्ह्याची मूठ मात्र घासून घासून उघडी पडलेली. पाचही झोपलेत आणि माझा म्हातारा एकटा वल्हवतोय, हे मला कळत होतं. मी त्या मुठीला मेणाचे दोन हात द्यायची आणि रडत शिडी उतरायची.

मागच्या सोमवारी चढले तर सहाव्या मुठीवरचं मेणही शाबूत होतं. आधी आनंदच झाला. सुटले बाबा! शिडीच्या अर्ध्यात आले आणि पाय थबकला. पाळी आपोआप संपत नाही. पुढच्याला उठवलं की संपते.

त्या दिवसापासून मी उजवा खांदा भिंतीला चिकटवून झोपते. ही बघा भिंत. पलीकडे जिना आहे, नळ नाही, गळती नाही. आज सकाळी उठले तेव्हा माझा खांदा टेकतो नेमका तिथेच तळहाताएवढे दोन ओले डाग होते. बोट लावून चाखलं.

खारट.