नमस्कार, केदारनाथ

परळीच्या स्टँडमागच्या नेट कॅफेत शिवांजली तीन नंबरच्या मशीनवर बसली, मंडळाची वेबसाइट उघडली, आणि पडद्यानं तिला नमस्कार केला — ‘नमस्कार, केदारनाथ.’

अजून तिनं पासवर्डही टाकला नव्हता! केदारनाथ म्हणजे कॅफेचा मालक, तो तर काउंटरवर मान खाली घालून बसलेला. समाजाच्या वधू-वर मंडळाची ही वेबसाइट त्यानंच फुकटात बनवून दिली होती. सगळं गिऱ्हाईक त्याला केदारभाऊ म्हणायचं. धर्मापुरीच्या शाळेत शिकवणारी शिवांजली वर्षभर दर शनिवारी इथं यायची, पण तिच्या तोंडून ‘भाऊ’ कधी निघालं नव्हतं. का, ते तिचं तिला ठाऊक.

आज मात्र ती जड पावलांनी आली होती. निलंग्याच्या स्थळाला संध्याकाळपर्यंत होकार कळव, असं तिच्या वडिलांनी, अण्णांनी, बजावलं होतं. बारा दिवस तिनं चालढकल केली होती.

समोरचं पान बंद करायला हवं, हे कळत होतं. पण हात थबकला… केदारनाथनं जपून ठेवलेलं स्थळ एकच होतं, आणि फोटो तिचा होता. खाली न पाठवलेला निरोप — ‘तुम्हाला एक विचारायचं होतं…’ एवढाच. तारीख दिवाळीतली, आणि आता तर संक्रांतही होऊन गेली होती.

“अहो,” कान तापलेले असताना ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, “तुमचं मशीन मला तुमीच समजायलंय.”

तो आला, पडदा पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. असं एकाच्या नावात दुसरं शिरलं तर मंडळावर विश्वास कोण ठेवील, असं तो पुटपुटला. मग त्यानं तिला तीनवर तिच्या नावानं आत जायला सांगितलं आणि स्वतः एक नंबरवर तेच पान उघडलं. तिथं आलं — ‘नमस्कार, शिवांजली.’ त्यानं झटकन नजर वळवली, पण निलंग्यापुढची ‘उत्तर बाकी, बारा दिवस’ ही ओळ दिसायची ती दिसलीच.

मग त्यानं कपाळावर हात मारला. लाइन मंद, म्हणून त्यानंच मुख्य मशीनला सांगून ठेवलं होतं की एकदा आलेलं पान जपून ठेव आणि पुढच्यालाही तेच दे. मशीन बिचारं नावानिशी उघडलेली पानंही वाटत सुटलं होतं, एकाचं वाढलेलं ताट दुसऱ्यापुढं सरकवावं तसं.

जपलेली पानं पुसता पुसता त्यानं मागं न बघताच विचारलं, “मॅडम, तुमी… सगळं वाचलं?”

“निरोप अर्धाच हाय. पाठवला कावून न्हाई?”

त्याची बोटं थांबली. “लोकांनी विश्वासानं पोरींची माहिती दिली माझ्याकडं. त्यातून सोतासाठी निवडायचं… बरं वाटंना.”

तिला त्याचा राग आला, आणि तो आणखीच आवडला. हा भला माणूस भलेपणापायी तिला निलंग्याला धाडून मोकळा होणार होता.

“आन् पोरीनंच निवडलं तर?”

तो वळला. पण ती पडद्याकडे बघत होती. तिनं पुन्हा पासवर्ड टाकला, आणि पान तिच्याच नावाचं आलं. निलंग्यापुढं तिनं ‘नाही’ दाबलं.

“आता हितं मीच हाय,” ती म्हणाली. “तुमी तुमच्या नावानं विचारा.”

तो एक नंबरवर बसला आणि त्यानं निरोप पुरा करून पाठवला. लाइन नेहमीसारखीच रेंगाळली. तिच्या पडद्यावर पान वरून खाली तुकड्यातुकड्यानं उतरत होतं आणि तिचा जीव वरखाली होत होता. आधी आलं तिचं नाव, मॅडम न लावता. मग बाकीचं — ‘तुम्हाला एक विचारायचं होतं. माझ्याशी लग्न कराल? हे मीच लिहितोय. केदारनाथ.’

तिनं उत्तर टाइप केलं नाही. ती उठून त्याच्याजवळ गेली.

“उद्या आईला घेऊन घरी या,” ती म्हणाली. “निलंग्याला न्हाई म्हणले, हे अण्णांना मी आजच सांगते. कारण विचारतील… ते तुमी येऊन सांगा.”