जुईचा बंधांक

प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक मोठे छायाचित्र लावलेले होते. चार वर्षांचा एक मुलगा मान वर करून वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. खाली ठळक अक्षरांत आकडा होता, ९९, आणि त्याखाली ओळ: 'प्रेम मोजता येते.'

ऋजुता हळबे त्या छायाचित्राखाली बसून काचेपलीकडे पाहत होती. तिथे तिची नऊ वर्षांची मुलगी जुई डोक्याला संवेदक-पट्टी बांधून वडिलांसमोर बसली होती. अमोघ तिला त्यांच्या सहलीची कुठलीतरी गमतीची आठवण सांगत होता. जुई ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. हसायच्या जागी ती बरोबर हसत होती. खरे तर गंमत पूर्ण होण्याच्या किंचित आधीच.

त्याआधी ती आईसमोर बसली होती तेव्हा खुर्चीत पार घसरली होती. एक बूट काढला, जांभई दिली, परत जाताना भेळ खायची का ते विचारले आणि आई उत्तर देत असताना छताकडे पाहत राहिली.

पडद्यावर आकडे उमटले. आई ३७. वडील ९१.

"इतका सुंदर बंधांक क्वचित दिसतो," डॉ. भार्गव टिळेकर म्हणाले. अनुनादमापक हे यंत्र त्यांनीच बनवले होते. कुटुंब न्यायालयाने ते स्वीकारल्यापासून मुलाचा ताबा कोणाकडे द्यायचा हे बहुतेक वेळा या खोलीतच ठरत असे.

"हे यंत्र काय मोजतं?" ऋजुताने विचारले.

"बंध."

"ते तुम्ही दिलेलं नाव झालं. मोजतं काय?"

टिळेकरांनी तिच्याकडे नीट पाहिले. "तुम्ही प्रमाणशाळेत आहात, नाही का? वजनकाटे, तापमापक तपासता. मग तुम्हाला पटकन कळेल. समोरचा माणूस पुढच्या क्षणी काय करणार याचा अंदाज आपला मेंदू सतत बांधत असतो. त्या अंदाजाची एक लहर उठते. आम्ही तिला पूर्वलहर म्हणतो. पालकाचा चेहरा बदलण्याआधी मुलाच्या मेंदूत ती किती लवकर उठते आणि किती अचूक ठरते, ते आम्ही मोजतो. ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याच्याकडे आपलं लक्ष असतं. साधी गोष्ट आहे."

"तपासलंत कोणावर?"

"शेकडो कुटुंबांवर. आपणहून आलेली कुटुंबं. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन यायची, आम्ही आइस्क्रीम द्यायचो. मूल अनोळखी माणसासमोर बसलं की आकडा अगदी लहान, आईबापांसमोर बसलं की मोठा. एकदाही चुकलं नाही."

"मूल घाबरलेलं असेल, अशी किती घरं होती त्यात?"

"तशी माणसं कशाला येतील हो इथे?" टिळेकर हसले.

ऋजुता हसली नाही. काचेपलीकडे अमोघने बोलणे संपवले होते. त्याने पाण्यासाठी हात पुढे करण्याआधीच जुईने पेला त्याच्या उजव्या हाताला सरकवून ठेवला.

*

"पूर्वी माझ्या ऑफिसात लोक ठरलेले प्रश्न घेऊन यायचे," वकील कुंदा शेंडगे म्हणाल्या. "मूल लहान आहे, आईकडेच राहील ना? मी नोकरी करते, मग पोटगी मिळेल का? मुलाला जज विचारतात का, तुला कोणाकडे राहायचंय? मी सगळ्यांना एकच सांगायचे, परिस्थितीवर अवलंबून आहे. लोक वैतागायचे. आता मीच उलट विचारते, बंधांक किती?"

"आणि जुईला कोणी विचारणार नाही?"

"मूल पढवलेलं असतं, मेंदू पढवता येत नाही, असं टिळेकरांनी न्यायालयाला पटवून दिलंय." कुंदाताईंनी चष्मा काढला. "मला सरळ सांगा. मारतो का?"

"नाही."

"शिव्या?"

"नाही. त्याचा आवाज खाली जातो. अगदी हळू, गोड बोलायला लागतो. मग घड्याळ काढून टेबलावर ठेवतो. त्यानंतर घरातलं काहीतरी फुटतं. माझं किंवा जुईचं. मागच्या वेळी तिने शाळेसाठी केलेली पवनचक्की फुटली. मग चार-पाच दिवस तो आमच्याशी बोलत नाही. कुलपात किल्ली फिरली की तिच्या आवाजावरून जुई मला सांगते, आज टीव्ही नको. तिचं कधी चुकत नाही."

कुंदाताई वहीत लिहून घेत होत्या.

"ती त्याच्याकडे बघत असते, कुंदाताई. सतत. आणि तो टिळेकर त्याला प्रेम म्हणून आकडा देतो." ऋजुताचा आवाज चढला नाही, पण तिने टेबलावरचा हात उचलला तेव्हा लाकडावर तिच्या बोटांचे ओले ठसे राहिले. "माझ्यासमोर ती जांभई देते, म्हणून मी नापास. मला इतका राग आलाय की तो कुठे ठेवू कळत नाही."

"कोर्टात आणा," कुंदाताई म्हणाल्या. "पण इस्त्री करून आणा."

*

न्यायाधीश सौदामिनी राऊत यांनी अहवाल वाचून बाजूला ठेवला. जुई बाहेरच्या खोलीत होती. दाराच्या काचेतून तिचे वाकलेले डोके दिसत होते. ती चित्र काढत होती.

"बंधांकात एवढी तफावत असताना मुलीचा ताबा आईकडे का द्यावा?" राऊतांनी विचारले.

कुंदाताई उभ्या राहिल्या. "माझ्या पक्षकारच डॉक्टरांना दोन प्रश्न विचारतील. यंत्रं तपासणं हाच त्यांचा व्यवसाय आहे."

राऊतांनी होकारार्थी मान हलवली. ऋजुता टिळेकरांकडे वळली.

"डॉक्टर, तुमच्या त्या आइस्क्रीमवाल्या कुटुंबांत सर्वांत मोठा आकडा किती आला होता?"

"साठच्या आसपास. पासष्ट समजा."

"आणि साधारणपणे?"

"तीस ते पन्नास."

"म्हणजे माझा सदतीस हा सुखी घरातला आकडा आहे. मग एक्याण्णव कुठून आला?"

"तीच तर कमाल आहे," टिळेकर उत्साहाने म्हणाले. "न्यायालयाची प्रकरणं यायला लागली आणि आम्हाला कधी न पाहिलेले आकडे दिसू लागले. घर तुटायच्या वेळी बंध उफाळून येतो, असा आमचा निष्कर्ष आहे."

"हा निष्कर्ष तपासलात?"

"तसा तो उघडच आहे."

"पाच किलोपर्यंत तपासलेल्या काट्यावर तुम्ही पोतं ठेवलंत," ऋजुता म्हणाली, "आणि काटा जे दाखवेल ते खरं मानून मुलं वाटलीत."

"बाई, जपून बोला." टिळेकरांचा चेहरा लाल झाला. "हे यंत्र खोटं बोलत नाही."

"मान्य. मग ते मला लावा. माझ्यात आणि अमोघमध्ये किती बंध आहे ते बघू."

अमोघच्या वकिलांनी हरकत घेतली, पण टिळेकरांनीच त्यांना हाताने थांबवले. घटस्फोट मागणाऱ्या बाईचा आकडा अनोळखी माणसाइतका येणार याची त्यांना खात्री होती. प्रात्यक्षिकासाठी आणलेले यंत्र समोरच होते. ऋजुताने पट्टी डोक्याला बांधली. अमोघ तिच्यासमोर बसला आणि न्यायाधीशांच्या सूचनेप्रमाणे आपल्या नोकरीबद्दल बोलू लागला. भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेषा धावत होत्या. निळी त्याच्या चेहऱ्याची, तांबडी तिच्या पूर्वलहरीची. तांबडी प्रत्येक वेळी आधी उठत होती.

आकडा उमटला. ९४.

टिळेकर पडद्यापाशी गेले आणि जोडण्या तपासून परत आले. जोडण्या ठीक होत्या.

"मग डॉक्टर," कुंदाताई म्हणाल्या, "माझ्या पक्षकाराचं नवऱ्यावर त्यांच्या लेकीपेक्षाही जास्त प्रेम आहे म्हणायचं. फक्त त्यांना ते घटस्फोटाच्या अर्जात लिहायचं राहून गेलं."

"यंत्राप्रमाणे... बंध आहे," टिळेकर म्हणाले.

राऊत अमोघकडे वळल्या. "तुम्ही हा आकडा कसा समजावून सांगाल?"

त्याचे वकील त्याच्या कानाशी झुकले होते, पण अमोघ आधीच हसत होता. "यात समजवायचं काय, मॅडम? आमच्या घरात मला तोंड उघडावं लागत नाही. मी जेवायला बसायच्या आत मीठ कुठे हवं, पाणी कुठे हवं, सगळं जागेवर असतं. माझा मूड मला कळायच्या आधी यांना कळतो. याला वेळ द्यावा लागतो, शिस्त लावावी लागते. ऋजूला सात-आठ वर्षं लागली. जुई मात्र हुशार. दोन-तीन वर्षांची असतानाच शिकली."

त्याचे वकील मागे सरकून बसले.

"आणि एखाद्या दिवशी मीठ जागेवर नसलं तर?" राऊतांनी विचारले.

"तसं होत नाही."

"झालं तर? उत्तर द्या."

"मॅडम," अमोघ म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम हळू झाला, अगदी मऊ, "तुम्ही उगाच एका चांगल्या घराकडे वाकड्या नजरेने बघताय."

ऋजुताच्या डोक्यावरची पट्टी कोणी काढली नव्हती. पडद्यावरची तांबडी रेषा उभी चढत गेली, थेट वरच्या कडेपर्यंत. निळी अजून सपाट होती. सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते, म्हणून सगळ्यांनी ते त्या क्रमाने पाहिले. आधी रेषा चढली. मग अमोघने मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले.

ऋजुता एव्हाना खुर्चीसकट मागे सरकली होती. आपण कधी सरकलो ते तिला आठवत नव्हते.

अमोघने स्वतःच्या हाताकडे पाहिले. मग घड्याळ उचलून पुन्हा बांधू लागला. त्याला चटकन पट्टा लावता येईना.

"जुई आईकडे राहील," राऊत म्हणाल्या. "वडिलांनी पुढच्या आदेशाशिवाय तिला भेटायचं नाही. बाकीचं सविस्तर लिहीन."

ऋजुताने पट्टी काढली आणि दाराकडे पाहिले. काचेपलीकडे जुईला आत काय चालले आहे याचा पत्ता नव्हता. आई पाहते आहे हेही तिच्या लक्षात आले नाही. ती रंगपेटीत काहीतरी शोधत होती, आणि सापडत नव्हते म्हणून तिने सगळे खडू टेबलावर ओतले.

टिळेकर यंत्राच्या तारा गुंडाळत होते. "एका प्रकरणावरून यंत्र चुकीचं ठरत नाही," ते पुटपुटले.

"यंत्र चुकीचं नाहीच," ऋजुता म्हणाली. "मूल कोणावर किती नजर ठेवून असतं ते तुमचं यंत्र अचूक सांगतं. मूल नजर का ठेवतं, हे तुम्ही विचारलं नाहीत. सुखी घरातलं मूल अधूनमधून बघतं, मग खेळायला जातं. पासष्टच्या वर खेळणारं मूल नाही, डॉक्टर. पासष्टच्या वर पहारेकरी आहे."

राऊत खुर्चीतून उठता उठता थांबल्या. त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"डॉक्टर टिळेकर, तुमच्या प्रयोगशाळेत एक फोटो आहे. एवढासा मुलगा. नव्याण्णव."

"हो."

"तो सध्या कुठे आहे?"

टिळेकरांच्या हातातली तार सुटली आणि तिची वेटोळी जमिनीवर उलगडत गेली.

"वडिलांकडे," ते म्हणाले. "आई फार रडली होती तेव्हा. आदेश... आदेश आपणच दिला होता, मॅडम."

राऊतांनी शिपायाला गाडी काढायला सांगितले. शिपाई दारापर्यंत पोहोचण्याआधीच त्या स्वतः न्यायासनाच्या पायऱ्या उतरून खाली आल्या होत्या.

"त्या फोटोत त्याने श्वास रोखून धरलाय," ऋजुता टिळेकरांना म्हणाली. "आणि तुम्ही तो भिंतीवर लावलात."