सुगतची चेष्टा

आजही पानिपतला जाणारी बस दिसली की सुगत वानखेडेनं हळूच टाकलेलं ते पहिलं मराठी वाक्य आठवतं, आणि मी एकटीच हसते.

जानेवारीतली सकाळ होती. धुकं, आणि वर भुरभुर पाऊस. तिथल्या दऱ्या, म्हणजे आपल्या सतरंज्या, विणणाऱ्या बायकांचा माल थेट दिल्लीच्या दुकानांत पोचावा म्हणून एका संस्थेनं कार्यक्रम चालवला होता. त्यातून बायकांच्या हाती खरंच काही पडलं का, हे तपासायला मला पाठवलं होतं. फाटकाशी संस्थेचा एक उंच मुलगा छत्री धरून उभा होता. मी फोनवर पुण्याच्या मैत्रिणीला, रेवतीला, मराठीत बिनधास्त सांगत होते, की हा आता मला निवडक, हसऱ्या बायकाच दाखवणार बघ.

"रडणाऱ्यापण आहेत, मॅडम," तो म्हणाला. "चलो, आधी तिकडेच जाऊ."

मी जागच्या जागी गार! हाच सुगत. घर मूळचं नागपूरचं, वडील सरकारी नोकरीत, आणि हा जन्मापासून गाझियाबादचा. बोलल्याप्रमाणे तो मला आधी बिमलादेवींकडे घेऊन गेला. त्यांना माग विकावा लागला होता. स्वतःच्या कामातलं अपयश असं आपणहून दाखवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला तो तिथेच आवडला.

मग उन्हाळ्यापर्यंत आम्ही दरीच्या मागे मागे हिंडलो. विणकरणीचा माग, व्यापाऱ्याचं गोदाम, करोल बागेतलं दुकान… नफा वाटेत कुठे मुरतो ते मी शोधायची, आणि तो मला उसाचा रस पाजायचा. त्याच्या मराठीत 'कोशिश' आणि 'बिल्कुल' यांची नुसती रेलचेल. जरा शुद्ध बोल की, मी चिडवायची. तो बघत राहायचा – आणि मी नजर चुकवायची. ज्यांचं काम तपासायचं त्यांच्यात गुंतायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. अहवाल जाईपर्यंत मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

अहवाल गेला. त्याच संध्याकाळी करोल बाग मेट्रोच्या जिन्यात सुगत थांबला. त्याची ओडिशाला बदली झाली होती.

"अबोली… इतके दिवस मी चेष्टा करत राहिलो," तो अडखळत म्हणाला. "आता नाही होत माझ्याच्यानं."

चेष्टा! म्हणजे तो रस, त्या नजरा, ते सगळं…? बरं झालं सांगितलंस, एवढंच म्हणून मी मेट्रोत चढले आणि घरापर्यंत रडत गेले. नंतर त्याचे फोनही उचलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात अहवालाची बैठक होती. सुगत समोरच बसला होता, मान खाली घालून. एक वयस्क अधिकारी ठेवणीतल्या हिंदीत म्हणाले, "इन महिलाओं ने बाज़ार तक पहुँचने की पूरी चेष्टा की है।"

माझं डोकंच फिरलं. बिमलादेवींनी कुणाची चेष्टा केली? मी तावातावानं हात वर केला… आणि पाहिलं, तर सगळे गंभीरपणे माना डोलवत होते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! मी शुद्ध बोल म्हटलं, म्हणून बिचाऱ्यानं 'कोशिश' टाळून त्यातल्या त्यात भारदस्त शब्द शोधला होता. मी हात खाली घेतला.

चहाच्या सुट्टीत मी त्याला खिडकीशी गाठलं. त्या दिवशी काय सांगायचं होतं, म्हणून विचारलं.

"हेच, की… रोज सांगायला बघत होतो. तू आवडतेस मला. पण तू तर निघूनच गेलीस."

"सुगत, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे यार… म्हणजे मी तुला – नाही, नाही, मी प्रयत्न… खरंच, प्रयत्न…"

"आता प्रयत्न पुरे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे रविवारी मी गाझियाबादला येतेय. आईंना सांगून ठेव."