अंगणातली खिंड

बावन्न सालच्या दिवाळीला अंबरनाथच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये घरोघरी पोरांचे रायगड-प्रतापगड उभे राहिले, आणि श्यामकांत गुप्त्यांच्या अंगणात उभा राहिला हिमालय. बांधणारा पोर नव्हता, ड्रॉइंग ऑफिसातला पस्तिशीचा घोडा होता. येत्या ज्येष्ठात तो आणि त्याचा मेहुणा शरदचंद्र कुलूहून निघून, बर्फाच्या दोन खिंडी ओलांडून, स्पितीत उतरणार होते. नुसता नकाशा वाचून श्यामकांतचं पोट भरेना. मग त्याने उंचीच्या रेघांबरहुकूम, फूटपट्टी लावून, चिखलाचे थरावर थर चढवले. दऱ्यांत अळीव पेरला. थोरल्या आणि धाकट्या, दोन्ही खिंडींवर चुना ओतून बर्फ केलं. बाजारातल्या कौसाबाईकडून मातीचे दोन मावळे आणले आणि त्यांच्या तलवारी मोडून हातात काठ्या म्हणून काडेपेटीतल्या काड्या दिल्या. निळ्या पागोट्याचा तो स्वतः, तांबड्याचा शरद.

शेजारचे आण्णा दात कोरत कुंपणाशी आले. "काय हो गुप्ते, किल्ल्यावर होऊन गेलेली माणसं उभी करायची असतात. तुम्ही जित्यांनाच चढवलंत की!" आणि आपल्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

श्यामकांतही हसला. कुमुदिनी हसली नाही. शरद तिचा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा रांगत होता, तिनेच वाढवलेला. "अहो, एकच सांगते," ती म्हणाली, "न्याल तसा परत आणायचा."

"अगं, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!"

रीत साधी होती. कामावर जाताना श्यामकांत दोन्ही मावळे एकेक मुक्काम पुढे सरकवी, आणि पाणी कुठे, चढ कुठे, याचा दिवसभर डोक्यात हिशेब मांडी.

धनत्रयोदशीला दुपारी तो जेवायला घरी आला, तर थोरल्या खिंडीवरचा चुना बोटभर जाड झालेला.

"तू ओतलास का गं?"

"मला चकलीच्या सोऱ्यातून मान वर काढायला सवड आहे का?"

नरकचतुर्दशीला उन्हाने पोरांचे किल्ले तडकले. हा मात्र ओलाच. श्यामकांतने हात लावला. माती माठाच्या बुडासारखी गार. त्याने स्वतःला समजावलं: चुना आहे, भिंतीची सावली आहे. शहाण्या माणसाला कारणांचा तोटा कधी पडलाय?

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी थोरल्या खिंडीपलीकडे एक भेग दिसली. उभी, काळी, विळीने चिरल्यासारखी. आदल्या दिवशी दोन्ही मावळे खिंडीच्या खूप खाली ठेवलेले. आता तांबड्या पागोट्याचा भेगेत गळ्यापर्यंत रुतला होता, आणि निळा काठावर उभा होता, पाठ फिरवून.

संध्याकाळी शरद बदलापूरहून सायकल हाणत आला. गळ्यात बुटांची जोडी. "दाजी, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंध्याने मिलिटरीचे बूट दिलेत. म्हणतो, साईं, ये बरफ पे चलेगा नहीं, दौडेगा!"

श्यामकांतने त्याला भेग दाखवली.

"अहो, माती आहे. वाळली की भेगाळणारच. आणि बाहुल्या काय, कुणा पोराने हलवल्या असतील. तुम्ही घाबरलात की काय?"

"आपण मार्ग बदलू. थोरली टाळून, वळसा घेऊन, नुसत्या धाकट्या खिंडीने जाऊ."

"बदला. मला काय, तुम्ही न्याल तिथे येणार मी."

श्यामकांतने भेग लिंपली, मावळे पार पायथ्याशी आणून ठेवले, आणि पोरांची पावलं उमटावीत म्हणून भोवती चुलीतली राख पसरली.

पाडव्याला राख जशीच्या तशी होती. मांजराचंही पाऊल नाही. थोरली खिंड धड होती. भेग धाकटीवर गेली होती. तांबडा मावळा डोळ्यांपर्यंत आत.

श्यामकांत त्याला उपसायला गेला, तर मान तुटून हातात येईल असं वाटलं. त्याने हात मागे घेतला.

आत जाऊन तो म्हणाला, "शरद जाणार नाही. मीही नाही."

कुमुदिनीने का म्हणून विचारलं नाही. "त्याला तुम्हीच सांगाल ना?"

"उद्या भाऊबिजेला येईलच."

भाऊबिजेच्या सकाळी भेग मिटलेली होती. वर चुना सपाट. निळा मावळा एकटाच.

श्यामकांतने कुदळ घेतली. डोंगर फोडला, ढेकूळ न् ढेकूळ हातांनी चुरडलं, खाली फरशी लागली. मातीच निघाली. तांबड्या रंगाची कपचीसुद्धा सापडली नाही.

कुंपणाबाहेर सायकलची घंटी वाजली.

शरद! कुमुदिनी पिठाच्या हातांनी धावली. श्यामकांत चिखलात तसाच उभा राहिला. आता हा भांडणार, बूट आपटणार, हे धरून त्याने मनाचा हिय्या केला.

"शरद, बेत रद्द. आपण जात नाही."

शरदने मातीच्या ढिगाकडे बराच वेळ पाहिलं.

"बरं केलंत," तो हळूच म्हणाला. "आता पुन्हा कशाला जायचं?"

ऊन रणरणत होतं. आत पाट मांडला. श्यामकांतचा सदरा पाठीला चिकटला होता, कुमुदिनीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने शरदला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तबक उचललं.

शरद हसला. "ओवाळणी काय हवी, ताई?"

शब्दागणिक त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली आणि निरांजनावरून हळूहळू विरत गेली.

कुमुदिनीने ती पाहिली. तिने तबक खाली ठेवलं नाही. ती ओवाळतच राहिली.