रेवतीची आत्या

हिरालाल त्या दुकानात शिरला तो सायकल पंक्चर झाली म्हणून. १९८९ ची दिवाळी नुकतीच उलटली होती. धरणगावात कापसाच्या गाड्यांची रीघ लागली होती आणि हिरालालला जिनिंगमध्ये वेळेवर पोचायचं होतं. सायकलवाला म्हणाला, "अर्धा तास लागेल." शेजारच्या दुकानात दोरीवर इवलीइवली झबली वाळत असल्यासारखी टांगली होती. तीन दिवसांपूर्वीच तो काका झाला होता. मग काय, पाय आपोआप वळले!

शिलाई मशीनमागे कोकिळा बसली होती. झबल्या-दुपट्यांवर बाळाचं नाव भरतकामाने काढून देण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

"दुपटं हवंय… पुतणीसाठी," तो म्हणाला.

"नाव काय काढू?"

"नाव अजून… ठरलं नाही."

"मग कोरंच नेता का?" तिने मान वर केली, आणि हिरालाल सायकल विसरला. गावातलं प्रत्येक गिऱ्हाईक तिला ताई म्हणायचं. याच्या तोंडून मात्र तो शब्द निघेचना.

"उद्या नाव घेऊन येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला ते 'डिंपल' घेऊन.

"अहो, ती साठ वर्षांची झाल्यावर नातवंडं काय म्हणतील? डिंपलआजी?"

तिसऱ्या दिवशी 'शर्मिष्ठा'. कोकिळेने सुईच खाली ठेवली. "तो 'ष्ठा' काढताना माझा दोरा सात वेळा गुंततो. तिला तर जन्मभर लिहायचंय."

'पूजा'? यंदाची ती अकरावी पूजा झाली असती. 'तापी'? यावर मात्र ती थबकली. "आजीचं?"

"पणजीचं. तुम्हाला कसं कळलं?"

"जुनं नाव सांगताना माणसाचा आवाज बदलतो. छान आहे हो… पण शाळेतली पोरं 'ताप आला, ताप आला' करून तिला रडवतील."

मग ती रंगात आली. नावाबद्दल तिची मतं पक्की होती. नाव ओट्यावरून हाक मारण्यासारखं हवं. शेवटी 'आ' नाही तर 'ई' हवी, म्हणजे दिवेलागणीला आईची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जाते. आणि लाडात तोडलं तरी नावाचं वाटोळं होता कामा नये.

"म्हणजे… कोकिळा," तो हळूच म्हणाला.

"शी! माझं नाव नका सांगू. जो तो म्हणतो, गाणं म्हण."

"मी कधी म्हटलं?" तो हसला. "आणि माझ्या नावावरून लोकांना वाटतं, पन्नाशीचा पेढीवाला असेल."

"मला नाही वाटत," ती पटकन बोलून गेली… आणि उगाचच मशीनचं चाक फिरवायला लागली. सुईत दोरा नव्हता, हे दोघांनाही दिसत होतं.

दहाव्या दिवशी तो म्हणाला, "रेवती." तिने मनातल्या मनात ओट्यावरून हाक मारून पाहिली. जोडाक्षर नाही, शेवटी 'ई'. कुठे म्हणून खोट काढायला जागा नाही! ती आनंदाने "हेच!" म्हणाली आणि दुसऱ्याच क्षणी दोघांचे चेहरे पडले. नाव ठरलं. आता उद्या यायचं कशासाठी? तो दारात घुटमळला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं… आणि "येतो मग" म्हणून निघून गेला. वाघ मागे लागला तरी या बहाद्दराच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ!

दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या त्या त्याच्या आई, कमलबाई. बरोबर गल्लीतल्या दोन बायका, हातात नारळ, खण आणि हळदकुंकवाची कोयरी.

"कोकिळा, माले आंडेर नई. दोन्ही आंडोरच," कमलबाईंनी सुरुवातच अशी केली. पोटी दोन्ही मुलगेच, घरात दोन पिढ्या लेक नव्हती. नाव तर आत्याने ठेवायचं. मग आत्या आणायची कुठून? "हिरा रोज तुनंच सांगस. नाव बी तूच पसंत करं. मंग आत्या बी तूच व्हय! मनी आंडेर व्हय."

कोकिळेने पुढे आलेल्या खणाकडे पाहिलं. हा खण हातात घेतला की ती रेवतीची आत्या. आणि आत्या म्हणजे कोण? हिरालालची बहीण! राखी आली, भाऊबीज आली, सगळं आलं. कूळ वेगळं, सोयरीक अगदी बसण्यासारखी, पण एकदा मानलेली बहीण झाली की संपलं. नाही म्हणावं, तर एवढ्या मानाने आलेल्या माऊलीचा चारचौघीत अपमान. आणि नाही म्हणायचं ते कशाच्या जोरावर? त्याने तर एका शब्दाने काही कबूल केलेलं नाही.

तेवढ्यात हिरालाल धापा टाकत दारात आला. आई कुठे गेली ते वहिनीने त्याला सांगितलं होतं. तो चौकट धरून उभा राहिला आणि घाबरून त्याने फक्त मान हलवली… नाही, नाही, नाही.

तेवढी मान कोकिळेला पुरली.

कमलबाई कुंकवाचं बोट घेऊन पुढे झाल्या, तशी ती उठून उभी राहिली. कान तापले होते, पण आवाज कापला नाही. "अक्का, आत्या नई व्हसू मी."

"काब्रं वं माय?"

"काकू व्हसू."

दोन्ही बायकांनी तोंडाला पदर लावला. कमलबाईंचं बोट तसंच अधांतरी राहिलं. मग त्या सावकाश मुलाकडे वळल्या. "आनि तू? इतला दिन आठे येस, माले सांगाले तोंड नई तुले?"

"माय…" हिरालाल एका दमात म्हणाला, "मना मनमा पहिल्या दिनपाशी हाईच शे. हाईच!"

कमलबाईंनी खण पिशवीत टाकला. "आत्याना खण साधा शे. काकूले हाऊ चालाव नई, पैठणनाच लागी," त्या सोबतिणींना म्हणाल्या. "चला वं बाया, आते दुसरी आत्या शोधनी पडी."

बायका हसत बाहेर पडल्या. हिरालाल तिथेच उभा.

"जिनिंगमध्ये नाही जायचं?" कोकिळेने विचारलं.

"उशीर झालाच आहे."

"मग बसा की," ती म्हणाली, आणि पुढे केलेल्या स्टुलात आपल्या ओढणीचं टोक अडकलं आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही.