सतरा नंबरची वही

"फ्राउ वर्तक, लगेच येता का? एक प्रेत आहे आणि बेचाळीस वह्या आहेत. प्रेताचं आम्ही बघतो. वह्या आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नाहीत."

सोमवारी सकाळी साडेआठला पोलिसांच्या तपास अधिकारी, कमिसारिन हाउक यांचा फोन आला, तेव्हा स्नेहलता वर्तक पोहे परतत होत्या. कार्ल्सरूहेच्या कोर्टातल्या त्या मराठीच्या एकमेव शपथबद्ध दुभाषी. वय एकोणसाठ, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र तल्लख. पत्ता ऐकला आणि त्यांनी शेगडी बंद केली. त्यांच्या जुन्या ओळखीच्या दिनकर पाठकांच्या घरचा पत्ता होता तो.

दिनकरराव इमारतीच्या तळघरात पडले होते. मारणाऱ्याने सायकलचं लोखंडी कुलूप वापरलं होतं. एका घावात जाईल असा एकाहत्तर वर्षांचा किरकोळ माणूस, आणि त्याला निदान सात घाव. जबडा एका बाजूला सरकला होता. वह्यांच्या पानांवर रक्त वाळून काळं पडलं होतं. स्नेहलताबाईंनी एकदाच पाहिलं आणि भिंतीला हात टेकला. त्यांना रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला.

जिन्यात कुणा शेजाऱ्याने चिठ्ठी चिकटवली होती. 'काल दुपारी तीन वाजता तळघरात ठोकाठोकी करणाऱ्याने लक्षात ठेवावे, रविवार हा शांततेचा दिवस आहे.' ती ठोकाठोकी कसली होती, हे आता सगळ्या इमारतीला कळलं होतं. चिठ्ठी काढायला मात्र कुणी पुढे होत नव्हतं.

"या वह्या कसल्या?" हाउकबाईंनी विचारलं.

"खटल्यांच्या. रिटायर झाल्यापासून ते रोज लांडगेरिष्टात, इथल्या जिल्हा कोर्टात, जाऊन बसायचे. खटले सगळ्यांना खुले, दारावर त्या दिवशीची यादी. आरोपीचं नाव, खटल्याचा नंबर, आरोप, निकाल, सगळं उतरवून घ्यायचे."

"कशासाठी?"

आता हे जर्मन बाईला कसं सांगायचं? भारतात जिल्हा कोर्टाच्या साइटवर नाव टाकलं की कुणाचाही खटला निघतो. इथे फाइल सरकारी वकिलाच्या कपाटात, आणि वर्तणुकीचा दाखला ज्याचा त्यालाच मिळणार. म्हणून मुलीला जर्मनीतलं स्थळ आलं की पुण्या-मुंबईचे आईबाप दिनकररावांना फोन करत. मुलाचं नाव वह्यांत आहे का, तेवढं ते बघून देत. त्यांचा नियम एकच होता. कुणाबद्दल वाईट सांगायचं, तर आधी त्याच माणसाला घरी बोलावून तोंडावर सांगायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मगच मुलीच्या बापाला फोन करायचा.

स्नेहलताबाईंनी जमेल तसं समजावून सांगितलं.

"गेनाऊ, बरोबर," हाउकबाई म्हणाल्या. "मग जुळतंय. मल्हार नावाचा एक मुलगा. इथे पीएचडी करतो. शेजारी सांगतात, शुक्रवारी संध्याकाळी तो इथे ओरडत होता. त्याला आताच ताब्यात घेतलंय. तळघरात येऊन गेल्याचं तो कबूल करतो. उद्या दुपारी न्यायाधीशासमोर उभा करू."

"तो काय म्हणतो?"

"म्हणतो, माझी चौकशी का करता म्हणून भांडायला गेलो होतो. म्हाताऱ्याने वह्या दाखवून सांगितलं, तुझं नाव कुठेच नाही. मग चहा पाजला."

स्नेहलताबाईंनी वह्या नंबरांप्रमाणे लावल्या. एक ते त्रेचाळीस. मल्हार जर्मनीत आला दोन हजार बावीस साली. तिथपासूनच्या वह्या त्यांनी दुपारपर्यंत पानन् पान वाचल्या. त्याचं नाव खरंच नव्हतं.

आणि सतरा नंबरची वही नव्हती. सोळावी सप्टेंबर दोन हजार सोळाला संपत होती, अठरावी पुढच्या मार्चला सुरू होत होती.

"रागाच्या भरात हाताला लागली ती उचलली असेल," हाउकबाई म्हणाल्या.

"असेल," स्नेहलताबाई म्हणाल्या. "पण या वह्या तारखेने लावल्या आहेत, नावांची सूची नाही. खटल्याची तारीख ठाऊक नसेल, तर इथे आठवडाभर शोधूनही काही सापडायचं नाही."

दुपारी मैथिलीचा फोन आला. मल्हारशी तिचं लग्न ठरलं होतं. तिनेच ठरवलं होतं, म्हणूनच घरच्यांचा चौकशीवर एवढा जोर. ती मोठ्या बहिणीकडे, ईप्सिताकडे राहायची.

"मावशी, तो मुंगी मारणार नाही हो. उद्या त्याला तुरुंगात टाकतील. काहीतरी करा ना."

स्नेहलताबाई गेल्या. दार ईप्सिताच्या नवऱ्याने, रुपेशने उघडलं. नम्र, नीटनेटका, घरून काम करणारा.

"या ना ताई. ईप्सिता, चहा टाक." त्याने खुर्ची ओढली आणि त्या आवाजाने ईप्सिताचा खांदा कानापर्यंत गेला. तिच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता.

"बाथरूममध्ये घसरली," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही दिनकररावांना ओळखत होता?"

"नुसतं नाव ऐकून. आम्ही गेल्या वर्षी इंगोलश्टाटहून आलो. कार्ल्सरूहे आम्हाला नवीनच. आल्झो, म्हणजे काल तर आम्ही दोघं दिवसभर घरी होतो. मैथिली ऑफिसच्या सहलीला गेली होती. हो ना ग?"

ईप्सिताने कपाकडे बघत मान हलवली.

तेवढ्यात पुण्याहून वडिलांचा, कुमाररावांचा फोन आला. मैथिलीने स्पीकर लावला. "मैथिली, लग्न मोडलं म्हणून समज. रुपेशरावांनी त्याचा कोर्टाचा कागद पाठवलाय. बाईला मरेस्तोवर मारलंय त्या नालायकाने!"

मैथिलीने तोंडावर हात धरला. स्नेहलताबाईंनी तिच्या फोनवर कागद मागवून घेतला. निकालाचं पहिलं पान. आरोपी म्हणून मल्हारचं नाव. वरच्या कोपऱ्यात नंबर: 4 KLs 212 Js 6630/16.

"हा कुठे मिळाला?" त्यांनी रुपेशला विचारलं.

"जिल्हा कोर्टाच्या साइटवर. नाव टाकलं, निघाला. काल संध्याकाळी बाबांना पाठवला."

"पोलिसांना दिलात?"

"नको म्हटलं. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"खरं आहे," स्नेहलताबाई म्हणाल्या. चहा संपवून त्या खाली उतरल्या आणि फुटपाथवरून हाउकबाईंना फोन लावला. "नावावरून फाइल शोधायचा हक्क मला नाही. पण नंबरावरून तुम्ही मागवू शकता. घ्या लिहून."

तासाभराने त्या परत वर आल्या, तेव्हा बरोबर हाउकबाई आणि दोन पोलीस होते.

"रुपेश, इथल्या कोर्टाची तसली साइट नाही," स्नेहलताबाई म्हणाल्या. "पुण्यात सासऱ्यांना ते खरं वाटलं, कारण तिकडे असते. म्हणजे कागद तुम्ही बनवला. बनावट कागदाला नंबर कुठून आणायचा? तुमच्याकडे एक खरा निकाल होता. तोच घेतलात, फक्त नाव बदललंत. शेवटचा आकडा सालाचा असतो. सोळा. तेव्हा मल्हार सांगलीत दहावीत होता."

रुपेश हसला. "मग कुणाचा आहे तो?"

"तुमचा," हाउकबाई म्हणाल्या. "नोव्हेंबर दोन हजार सोळा. बरोबर राहणाऱ्या बाईचा जबडा लोखंडी सळीने फोडलात. दोन वर्षांची शिक्षा, स्थगित."

"कार्ल्सरूहे नवीन म्हणालात ना?" स्नेहलताबाईंचा आवाज चढला. "तुमच्या सासऱ्यांच्या सांगण्यावरून दिनकररावांनी मल्हारसाठी पहिल्यापासून सगळ्या वह्या चाळल्या. नवा जावई सापडला नाही, जुना सापडला. नियमाप्रमाणे त्यांनी आधी तुम्हाला बोलावलं, रविवारी. एवढ्या सभ्यपणाचं फळ त्यांना काय मिळालं? आपली तारीख तुम्हाला पाठ होती, म्हणून नेमकी सतरावी वही उचललीत. मग मल्हारला अडकवायला कागद धाडलात. प्रेत सापडलं आज सकाळी, मारण्याचं कारण तुम्ही कालच तयार ठेवलं होतं!"

"पुरावा? मी घरी होतो. बायकोला विचारा."

"वही खाली सापडली," हाउकबाई म्हणाल्या. "पानं फाडून कागदाच्या डब्यात, तारेची स्पायरल काढून धातूच्या. कचरा तुम्ही अगदी शिस्तीत वेगळा केलात."

"डबे अख्ख्या बिल्डिंगचे आहेत. कुणीही टाकेल. ईप्सिता, सांग यांना!"

सगळ्यांनी ईप्सिताकडे पाहिलं. ती उभी राहिली.

"अडीचला बाहेर गेला," ती म्हणाली. "साडेचारला आला. सायकलला कुलूप नव्हतं. शर्ट मला धुवायला लावला. बोललीस तर पुढचा नंबर तुझा, म्हणाला."

रुपेशने पोलिसांच्या मधून झेप घेतली. तिचे केस धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. कप फुटले, मैथिली किंचाळली. दोन्ही पोलिसांनी त्याला पाडलं, तरी तो पाय झाडत होता आणि तिला शिव्या देत होता. बेड्या घालून खाली नेईपर्यंत जिन्यात त्याचा आवाज घुमत राहिला.

हाउकबाईंनी मल्हारला सोडायचा निरोप दिला आणि रुग्णवाहिका बोलावली. स्नेहलताबाई ईप्सिताच्या कपाळावर टॉवेल दाबून बसल्या. तेवढ्यात पुण्याहून पुन्हा फोन आला. मैथिलीने हुंदके देत वडिलांना सगळं सांगितलं.

"ईप्सू," कुमारराव म्हणाले, "हे आम्हाला कसं कळणार ग? रुपेशरावांचं घराणं ओळखीतलं. कुठे काही लिहिलेलं असतं तर..."

ईप्सिताने फोन हातात घेतला. ओठातून रक्त येत होतं, तरी तिने शब्द नीट उच्चारले.

"आई शेजारीच बसलीये ना, बाबा? तिला विचारा, मी किती वेळा सांगितलं होतं. मल्हारसाठी तुम्ही परदेशातल्या कोर्टाचे कागद शोधलेत. माझं नुसतं ऐकायचं होतं."

पलीकडे आई रडायला लागली. ईप्सिताने फोन ठेवला.